अडॅप्टिव्ह सॅम्पलिंग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी: केळीच्या बागेपासून कॉम्प्युटर मॉडेलपर्यंत

दहा हजार खोडांच्या केळीच्या बागेत हरण्या लागलेली झाडं किती आहेत हे सांगायचंय, पण सगळी बाग पालथी न घालता. हरण्या म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे मृगबाग, म्हणजे जून-जुलैची केळी, लावणाऱ्या कोणालाही त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको, पानावर पिवळ्या रेघा, कडा आत वळलेल्या, पुढे पोंगा (मधलं न उमललेलं पान) सडतो आणि झाड उपटून फेकावं लागतं. हा रोग मावा पसरवतो, त्यामुळे रोगट झाडं बागभर सारखी विखुरलेली नसतात, एका कोपऱ्यात घोळका असतो, दुसरीकडे एखाददुसरं झाड असतं आणि मधल्या ओळीच्या ओळी ठणठणीत असतात. अशा बागेत लॉटरी काढून वीस ठिकाणं बघितली तर बहुतेक ठिकाणी शून्यच मिळतं, आणि एखाद्या ठिकाणी घोळका लागला की अंदाज एकदम फुगतो, नाही लागला तर कागदावर बाग निरोगी.

मग माणूस काय करतो? रोगट झाड सापडलं की आजूबाजूला बघतो. हे अगदी बरोबर आहे, शेतकरीही तेच करतो. अडचण पुढे येते. रोग सापडला तिथे जास्त बघितलं आणि शेवटी सगळ्याची सरळ सरासरी काढली, की रोग आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, कारण तुम्ही रोगाच्या मागे मागे गेलात. अडॅप्टिव्ह सॅम्पलिंग म्हणजे हे मागे जाणं आधी ठरवलेल्या नियमाने करायचं आणि हिशोबात त्याची भरपाई करायची. बाकी सगळा तपशील याच दोन गोष्टींचा आहे, त्यामुळे खाली कुठेही गोंधळ झाला तर परत या वाक्यावर या.

हा लेख एमएस्सीचं प्रोजेक्ट करणारे, शेती किंवा पर्यावरणाचा सर्व्हे करणारे, आणि भूजलाचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवणारे अशा सगळ्यांसाठी आहे. गणित बेरीज-भागाकाराइतकंच आहे, शेवटी कॉम्प्युटरच्या भागात थोडं जास्त.

आधी बघा, तुम्हाला याची गरज आहे का

दोन प्रश्न विचारा. तुम्ही शोधताय ती गोष्ट दुर्मीळ आहे का, आणि ती घोळक्याने आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर पुढे जा. सातपुड्यात सफेद मुसळी मोजायची असेल, बागेतला हरण्या असेल, तर ठीक. पण गाजर गवत मोजायचं असेल तर कशाला, ते पावसाळ्यात सगळ्याच बांधांवर असतं, तिथे ही पद्धत लावली तर एका चौकोनापासून सुरू करून तुम्ही अख्खं शिवार मोजून याल. आणि गोष्ट दुर्मीळ असली पण घोळक्याने नसली, एक इथे एक तिथे अशी असली, तर आजूबाजूला बघण्यात फुकट वेळ जातो, साधं रँडम सॅम्पलिंग बरं.

साधं रँडम सॅम्पलिंग आपल्या शिवाराला नवीन नाहीच म्हणा. कापूस, सोयाबीनच्या पीक कापणी प्रयोगाला गट नंबर आणि त्यातला प्लॉट रँडम पद्धतीनेच निघतो, माणसाच्या मर्जीने नाही. ही पद्धत देशात बसवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. अडॅप्टिव्ह सॅम्पलिंग त्याच पायावर उभं आहे, पहिला टप्पा रँडमच असतो, त्याला पर्याय नाही.

पायरी १: बागेचे चौकोन पाडा

पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर ओळीत पाच झाडं आणि अशा पाच ओळी मिळून २५ झाडांचा एक चौकोन करा, साधारण साडेसात मीटर बाय साडेसात मीटर. दहा हजार खोडांचे असे ४०० चौकोन होतात, २० बाय २० चा तक्ता, क्षेत्र साधारण पावणेसहा एकर. कागदावर तक्ता काढा आणि प्रत्येक चौकोनाला १ ते ४०० नंबर द्या. बाग अशी चौरस क्वचितच असते, कुठे विहीर असते, कुठे बांध तिरका जातो, त्यामुळे कडेचे चौकोन अर्धे निघतात, ते कसे धरायचे हे आत्ताच ठरवून लिहून ठेवा.

आणि सीमा कुठे संपते तेही. रोग बांधाच्या पलीकडे शेजारच्याच्या वावरात गेलाय असं दिसलं तरी तुमचा हिशोब ४०० चौकोनांचाच आहे, तिकडे मोजायला जाऊ नका. शेजारच्या भाऊला सांगा मात्र जरूर, ते माणुसकीचं काम आहे, आकडेमोडीचं नाही.

पायरी २: तीन नियम लिहून टाका, वावरात पाय ठेवायच्या आधी

पहिला नियम, किती रोगट झाडं दिसली की शेजारी बघायचं. आपण धरू की चौकोनात एक जरी रोगट झाड दिसलं तरी शेजारी बघायचं. रोग जास्त असेल तर ही मर्यादा वर न्या, म्हणजे तीन झाडं दिसली तरच, नाहीतर काम आवरत नाही.

दुसरा नियम, शेजारी म्हणजे कोण. सोपं म्हणजे वरचा, खालचा, डावा, उजवा, असे चार. तिरके धरले तर आठ होतात, चालतं, पण मग शेवटपर्यंत आठच धरायचे. नातं दोन्ही बाजूंनी सारखं पाहिजे, म्हणजे अ हा ब चा शेजारी असेल तर ब हा अ चा असलाच पाहिजे, त्याशिवाय पुढचं सूत्र लागू पडत नाही.

तिसरा, थांबायचं कधी. शेजारच्या चौकोनातही रोग असेल तर त्याचेही शेजारी बघायचे, असं करत करत सगळीकडून रोग नसलेले चौकोन लागेपर्यंत. मधेच ऊन झालं म्हणून, अंधार पडला म्हणून थांबलात तर अंदाजात खोट येते. दिवस संपला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू करा. काम हाताबाहेर जाईल अशी भीती असेल तर नियम एकचा कडक करा, नियम तीन सैल करू नका.

हे तीन नियम लिहून, तारीख टाकून, गाइडला किंवा सोबतच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. कारण वावरात गेल्यावर डोळा फिरतो. मालक सांगतो, "भाऊ तिकडे चला ना, तिकडे खरा रोग शे", आणि तो खरंच सांगत असतो. त्याचं म्हणणं वहीत लिहून घ्या, पण चौकोन बदलू नका.

पायरी ३: पहिले चौकोन रँडम काढा

समजा २० चौकोन. एक्सेलमध्ये रँडबिटवीन या फंक्शनने १ ते ४०० मधले नंबर काढा, डबल आलेले टाका, यादी प्रिंट करून घ्या. मोबाइलवर जागेवर नंबर काढू नका, कारण नंबर लांबचा आला की परत काढावासा वाटतो. बांधावरून दिसतात तेवढेच चौकोन घेणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार, कडेच्या झाडांवर मावा आणि ऊन-वारा या सगळ्याचाच परिणाम वेगळा असतो.

चौकोनात गेल्यावर पंचवीसच्या पंचवीस झाडांची वरची कोवळी पानं आणि पोंगा बघा, खालचं जुनं पान बघून ठरवू नका. खताच्या कमतरतेनेही पान पिवळं पडतं, त्यामुळे सुरुवातीला एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला किंवा कृषी विभागाच्या माणसाला सोबत घेऊन डोळा बसवून घ्या. सगळ्या चौकोनांत मोजणारा माणूस एकच असला तर फार बरं.

पायरी ४: मोजणी, आणि इथे वही कशी ठेवायची ते

प्रत्येक चौकोनाला चार रकाने ठेवा: नंबर, रोगट झाडं, हा चौकोन पहिल्या वीसमधला की नंतर जोडलेला, आणि नंतर जोडला असेल तर कोणामुळे. चौथा रकाना लोक गाळतात आणि मग घरी आल्यावर कोणता घोळका कोणत्या चौकोनाशी जोडलेला होता ते कळत नाही.

आता उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. पहिल्या २० पैकी १८ चौकोनांत शून्य. एकात ६ झाडं रोगट. त्याचे चार शेजारी बघितले, एकात ७ निघाली, मग त्याचे शेजारी, तिथे ४, २ आणि १, पुढे सगळीकडे शून्य. म्हणजे अधिक चिन्हासारखा पाच चौकोनांचा घोळका झाला, ६, ७, ४, २, १, एकूण २० झाडं. याला नेटवर्क म्हणतात. त्याच्या भोवतीने ८ रिकामे चौकोन बघावे लागले, ते काठचे चौकोन. पहिल्या वीसमधल्या दुसऱ्या एका चौकोनात १ झाड निघालं, त्याचे चारही शेजारी रिकामे, म्हणजे हे एकट्या चौकोनाचं नेटवर्क. एकूण किती चौकोन बघितले? २० पहिले, घोळक्यातले ४ नवे, काठचे ८ आणि ४, सगळे मिळून ३६.

पायरी ५: हिशोब, सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

चुकीची पद्धत आधी बघू. ३६ चौकोनांत २१ रोगट झाडं, भागाकार ०.५८, गुणिले ४००, म्हणजे बागेत २३३ झाडं. सर्रास असंच केलेलं दिसतं.

बरोबर पद्धत अशी. पहिल्या वीसमधल्या प्रत्येक चौकोनाच्या जागी त्याच्या नेटवर्कची सरासरी ठेवायची. ६ वाल्या चौकोनाच्या जागी २० भागिले ५, म्हणजे ४. एकट्या चौकोनाच्या जागी १. बाकी १८ च्या जागी शून्य. बेरीज ५, भागिले २०, म्हणजे चौकोनामागे ०.२५, गुणिले ४००, म्हणजे १०० झाडं. २३३ कुठे आणि १०० कुठे! त्या २३३ वर जर कोणी फवारणीचा खर्च ठरवला, नाहीतर नुकसानीचा अर्ज केला, तर फरक किती पडेल ते बघा.

काठचे चौकोन या हिशोबात येत नाहीत, अपवाद एकच, काठचा चौकोन पहिल्या वीसमध्येही असेल तर त्याची स्वतःची मोजणी धरायची, आपल्या नियमाने ती शून्यच असते. आणि पहिल्या वीसमधले दोन चौकोन एकाच घोळक्यात पडले तर त्या घोळक्याची सरासरी दोनदा धरायची, इथे बरेच जण अडखळतात.

ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ स्टीव्हन थॉम्प्सन यांनी १९९० मध्ये मांडली, तिला अडॅप्टिव्ह क्लस्टर सॅम्पलिंग म्हणतात आणि वरचं सूत्र म्हणजे हॅन्सन-हर्विट्झ यांच्या जुन्या सूत्राचं सुधारलेलं रूप. दुसरं एक सूत्र हॉर्विट्झ-थॉम्प्सन यांच्या १९५२ च्या कामावर बसवलेलं आहे (हे थॉम्प्सन वेगळे). त्यात प्रत्येक नेटवर्क आपल्या हाती लागण्याची शक्यता काढायची आणि नेटवर्कमधली झाडं तिने भागायची. पाच चौकोनांचं नेटवर्क २० रँडम चौकोनांत सापडण्याची शक्यता साधारण ०.२२७, एकट्या चौकोनाची ०.०५. म्हणजे २० भागिले ०.२२७ हे ८८, आणि १ भागिले ०.०५ हे २०, एकूण १०८. दोन्ही अंदाज जवळ जवळ आले. इथे एक नेटवर्क दोनदा सापडलं तरी एकदाच धरतात. नवख्यांनी पहिलं सूत्र वापरावं, दुसरं पडताळणीला ठेवावं असं माझं मत आहे, दुसरं बहुतेक वेळा जास्त नेमकं असतं पण तो अंदाज किती खात्रीचा आहे ते काढायला हिशोब वाढतो.

आता १०० म्हणजे किती खात्रीचे १००? वीस आकडे (४, १ आणि अठरा शून्य) घेऊन त्यांचा व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) काढा, २० ने भागा, ०.९५ ने गुणा (४०० पैकी २० बघितले म्हणून), वर्गमूळ घ्या आणि ४०० ने गुणा. उत्तर येतं साधारण ७९. म्हणजे १०० झाडं, स्टँडर्ड एरर (अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो तो आकडा) ७९. फार मोठा आहे, हो. पण शेजारी न बघता नुसते पहिले वीस घेतले असते तर अंदाज १४० आणि स्टँडर्ड एरर ११८ आला असता. आणि न्यायाने तुलना करायची तर ३६ चौकोन सुटे रँडम घेतले असते तर तो साधारण ८६ च्या आसपास असता. म्हणजे फायदा आहे, पण जादू नाही, आणि खरा वाचतो तो चालण्याचा त्रास, कारण जोडलेले सोळा चौकोन शेजारीशेजारी असतात, पावसात चिखल तुडवत बागेच्या दुसऱ्या टोकाला जावं लागत नाही. एवढ्या मोठ्या एररवर निर्णय घेता येणार नसेल तर पहिले चौकोन २० ऐवजी ५०-६० घ्या, तेही आधीच ठरवून.

घोळका नाही पण भाग वेगवेगळे आहेत, तेव्हा

विहिरींच्या पाण्याचं काम वेगळं असतं. नायट्रेट सगळीकडे थोडंफार असतंच, प्रश्न असतो कुठे किती वरखाली होतं. आपल्याकडे खानदेशात जमीनच तीन तऱ्हेची, सातपुड्याच्या पायथ्याला बझाडा, म्हणजे डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांचा पट्टा, मग तापीकाठचा खोल गाळ, आणि चाळीसगाव-साक्रीकडे काळा बेसॉल्ट. तिन्हीकडे पाणी वेगळं वागतं. धुळे-नंदुरबारकडे डाइक आहेत, काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीत शिरलेल्या, त्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या विहिरीतही फरक पडू शकतो.

इथे दोन फेऱ्यांत काम करा. पहिल्या फेरीत प्रत्येक पट्ट्यातून समजा दहा-दहा विहिरी रँडम घेऊन तपासा आणि प्रत्येक पट्ट्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) काढा. दुसऱ्या फेरीच्या विहिरी वाटताना पट्ट्यातल्या एकूण विहिरी गुणिले डेव्हिएशन या प्रमाणात वाटा. हा नियम संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांचा, १९३४ चा. समजा बझाड्यात ३०० विहिरी आणि डेव्हिएशन १०, गाळात ५०० आणि ४०, बेसॉल्टात २०० आणि २०. गुणाकार ३०००, २००००, ४०००. हाताशी अजून ५४ नमुन्यांचे पैसे असतील तर ६, ४० आणि ८ अशी वाटणी होते. सारखे अठरा-अठरा वाटले असते तर बझाड्यातले बारा नमुने जवळपास वाया गेले असते, आणि लॅबमध्ये प्रत्येक नमुन्याचे पैसे पडतात.

एक सावधगिरी. पहिल्या फेरीतल्या दहा विहिरी योगायोगाने सारख्या निघाल्या तर तो पट्टा शांत आहे असं वाटतं आणि दुसऱ्या फेरीत त्याला काहीच मिळत नाही. म्हणून प्रत्येक पट्ट्याला कमीत कमी दोन-तीन द्यायचेच. शेवटी सरासरी काढताना प्रत्येक पट्ट्याची वेगळी काढून पट्ट्यातल्या विहिरींच्या प्रमाणात एकत्र करा, सगळ्या ८४ नमुन्यांची एकत्र सरासरी काढलीत तर गाळाचा पट्टा सगळं ओढून नेईल.

पण प्रश्न सरासरीचा नसून नकाशाचा असेल, म्हणजे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे ती कुठे ओलांडली जाते, तर क्रिगिंग वापरतात. डॅनी क्रिग हे दक्षिण आफ्रिकेतले खाण इंजिनिअर, १९५१ मध्ये सोन्याच्या खाणीतल्या नमुन्यांवरून मधल्या जागेचा अंदाज काढायचं काम त्यांनी केलं, त्यावरून हे नाव. क्रिगिंग प्रत्येक जागेचा अंदाज देतं आणि त्याची अनिश्चितताही. नवखे लोक जिथे अनिश्चितता जास्त तिथे पुढची विहीर घेतात, पण एकदा व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसा आकड्यांतला फरक कसा वाढतो त्याचा आलेख) ठरला की ही अनिश्चितता फक्त विहिरींच्या जागांवर ठरते, पाण्यात काय सापडलं त्यावर नाही, म्हणजे ते खरं तर अडॅप्टिव्ह झालंच नाही, तो नकाशा घरी बसूनही काढता आला असता. त्यापेक्षा ४५ ओलांडण्याची शक्यता जिथे पन्नास टक्क्यांच्या आसपास येते तिथली विहीर घ्या, तिथेच हो की नाही ठरायचं असतं. फक्त अशा निवडलेल्या विहिरींची साधी सरासरी काढून तालुक्याचा आकडा म्हणून छापू नका, त्या मुद्दाम सीमेवरच्या घेतलेल्या असतात.

आता कॉम्प्युटरवर

वावराऐवजी मॉडेल, चौकोनाऐवजी रन, म्हणजे मॉडेल एकदा चालवणं. समजा यावल-रावेरच्या खाली गेलेल्या पाण्याच्या पातळीवर पुनर्भरणाचा काय परिणाम होईल ते मॉडफ्लो या भूजलाच्या प्रोग्राममध्ये बघताय. चार गोष्टी बदलतात: जमिनीतून पाणी किती वेगाने जातं, पावसाचं किती मुरतं, जमीन किती पाणी धरते आणि उपसा किती. एका रनला ४० मिनिटं लागतात धरा. प्रत्येक गोष्टीच्या दहा-दहा पातळ्या घेतल्या तर दहा हजार रन, म्हणजे लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवला तरी साधारण २७८ दिवस. इतकं कोणाला परवडतं?

म्हणून सुरुवात लॅटिन हायपरक्यूबने करा. मॅके, बेकमन आणि कोनोव्हर यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. प्रत्येक गोष्टीची रेंज जितके रन तितक्या सारख्या पट्ट्यांत वाटायची आणि प्रत्येक पट्टीत बरोबर एकच रन पडेल असं रँडम जुळवायचं. किती रन? जितक्या गोष्टी त्याच्या दहापट हा चालत आलेला ठोकताळा, म्हणजे इथे ४०, साधारण २७ तास. आर या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये लॅटिन हायपरक्यूबचं पॅकेज आहे, पायथनच्या सायपाय लायब्ररीमध्येही मिळतं, दोन्ही फुकट. पाणी वाहण्याचा वेग कित्येक पटींत बदलतो, त्यामुळे त्याची रेंज लॉग घेऊन वाटा, नाहीतर सगळे रन मोठ्या आकड्यांकडेच गोळा होतात.

प्रत्येक रन संपला की उत्तर लगेच फाइलमध्ये सेव्ह होईल अशी व्यवस्था करा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि विसावा रन चालू असताना गेली तर आधीचे एकोणीस हातात राहिले पाहिजेत.

मग त्या ४० उत्तरांवर गॉसियन प्रोसेस बसवा. क्रिगिंगचंच हे भावंड, फक्त अक्षांश-रेखांशांच्या जागी तुमच्या चार गोष्टी. १९८९ मध्ये सॅक्स, वेल्च, मिचेल आणि विन यांनी कॉम्प्युटर प्रयोगांसाठी हे नीट मांडलं. हे बसवलेलं मॉडेल खऱ्या मॉडेलचा अंदाज क्षणात देतं आणि कुठे खात्री नाही तेही सांगतं. लगेच विश्वास ठेवू नका. एक एक रन बाजूला काढून बाकीच्या ३९ वरून त्याचा अंदाज काढा, खऱ्या उत्तराशी ताडून बघा. अंदाज सारखे चुकत असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही, आधी रेंज आणि लॉगचं बघा.

पुढचा रन कुठे घ्यायचा हे तुम्हाला काय हवंय त्यावर ठरतं. सगळीकडचा अंदाज सुधारायचा असेल तर अनिश्चितता सगळ्यात जास्त आहे तिथे घ्या, मात्र नुसतं हेच केलं तर रन रेंजच्या टोकांना जाऊन चिकटतात, म्हणून सगळीकडची सरासरी अनिश्चितता किती कमी होईल ते बघून घेतलेलं बरं. सगळ्यात चांगली जागा शोधायची असेल, उदाहरणार्थ पाण्याची पातळी कमीत कमी खाली जाईल अशी उपसा आणि पुनर्भरणाची जोडी, तर एक्स्पेक्टेड इम्प्रूव्हमेंट वापरा, जोन्स, शॉनलाऊ आणि वेल्च यांची १९९८ ची पद्धत, ती चांगल्या अंदाजाची जागा आणि न बघितलेली जागा दोन्हींचा विचार करते. आणि मर्यादेची सीमा शोधायची असेल, समजा पातळी ठरावीक खोलीच्या खाली कुठे जाते, तर विहिरींसारखंच, सीमेच्या आसपास आणि खात्री कमी असलेल्या ठिकाणी. एक रन, परत मॉडेल बसवा, परत एक रन, असं चालतं. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायचा असेल तर चार-पाच रन एकदम निवडा, पण ते एकमेकांना चिकटलेले नाहीत ना ते बघा.

वावर आणि कॉम्प्युटर यांत एक मोठा फरक आहे. कॉम्प्युटरला तेच इनपुट दिलं तर तेच उत्तर येतं, त्यामुळे तोच रन परत घेणं म्हणजे वेळ घालवणं. उलट विहिरीचं पाणी परत तपासलं तर आकडा हलतो, तिथे काही नमुने डबल घ्यायलाच हवेत. रन फार जवळजवळ आले की गॉसियन प्रोसेसचं गणित अडतं आणि प्रोग्राम एरर देतो, अशा वेळी नगेट म्हणून अगदी छोटा आकडा टाकतात, पॅकेजमध्ये तो पर्याय असतो.

थांबायचं कधी, हेही आधी लिहून ठेवा. सलग काही रनमध्ये उत्तर हललं नाही, किंवा ठरवलेले रन संपले, जे आधी होईल ते. वावरातल्यासारखी इथे सूत्र बिघडण्याची भीती नसते, पण मनासारखं उत्तर आलं म्हणून थांबण्याचा मोह मात्र सारखाच असतो.

खऱ्या बागेत जायच्या आधी घरी हे करून बघा

आर किंवा एक्सेलमध्ये २० बाय २० चा तक्ता करा, त्यात १०० रोगट झाडं आठ-दहा घोळक्यांत टाका. मग २० चौकोन रँडम काढून, शेजारी बघून, दोन्ही पद्धतींनी अंदाज काढा, नेटवर्कची सरासरी धरून आणि सगळ्या चौकोनांची सरळ सरासरी काढून. हे हजार वेळा करा. पहिल्याची सरासरी १०० च्या आसपास बसेल, दुसऱ्याची बरीच वर जाईल, आणि सूत्रावर विश्वास बसायला याच्याइतका चांगला उपाय नाही. नंतर तीच १०० झाडं घोळक्याविना, बागभर विखरून टाका आणि परत चालवा, फायदा गळून गेलेला दिसेल. प्रत्येक वेळी एकूण किती चौकोन बघावे लागले त्याचाही रकाना ठेवा, कारण तेवढ्याच चौकोनांत साध्या रँडम पद्धतीने काय मिळालं असतं हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो, आणि त्याचं उत्तर तुमच्या स्वतःच्या तक्त्यातून दिलेलं असलं की समोरचा पुढचं ऐकून घेतो.